फोनात मावेल एवढी दिवाळी

आत्याचा कान पुन्हा पडदाभर पसरला.

“आत्या, फोन कानाले नको लावू. समोर धर. मले तुयं तोंड दिसू दे.”

“समोर धरला तं ऐकू कसं येईन मले?” कान म्हणाला.

मागून आईचं हसणं ऐकू आलं. बाबांनी फोन कसा धरायचा ते दाखवलं. आत्याने घटकाभर घाबरून कॅमेऱ्यात पाहिलं आणि फोन परत कानाला लावला. दर रविवारी हेच चालायचं. रागिणी पोलंडमधल्या एका गावच्या वसतिगृहात पलंगावर मांडी घालून बसलेली असायची आणि तिकडे वलगावहून तिची शकुनआत्या तिच्याशी कानाने बोलायची.

“जेवली का?”

“जेवली.”

“काय जेवली?”

“भात. बटाटे.”

“मांगच्या इतवारीबी बटाटेच सांगतले तू. तिथं दुसरं काई पिकत नाई का?”

रागिणी अकोल्याला उद्यानविद्येत एम.एस्सी. करत होती. तिथून एका सत्रासाठी परदेशी पाठवायला दोघांची निवड झाली. दुसऱ्या मुलाने ऐनवेळी अंग काढून घेतलं, म्हणून ती एकटीच निघाली होती. घर माळ्याचं. झेंडू, शेवंती आणि थोडी वांगी पिकवायची, पहाटे अमरावतीच्या बाजारात न्यायची. अशा घरातली पोरगी विमानात बसणार म्हणताच तिच्या बाबांचं, धर्मेंद्र होल्यांचं, निम्मं अवसान गळालं होतं. आई मैनाबाई तर नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवणाऱ्यांतली. तेव्हा मध्ये पडली ती आत्याच.

“मी बाळापूरले गेली अन् पांढऱ्या कपायानं वापस आली,” ती भावाला म्हणाली होती. “माया प्रवास तेवढाच झाला. इले जाऊ दे, धर्मा. कोणीतं जाऊ दे या घरातून.”

आत्याचं आयुष्य सांगायला बसलं तर हेच दोन वाक्यांत संपतं. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूल नव्हतं, भावाकडे आली. तेव्हापासून मळ्यात पाणी लावणं, फुलं तोडणं, हार गुंफणं. रागिणीची आई मळ्यात राबायची आणि रागिणी आत्याच्या मांडीवर, फुलांच्या ढिगाशेजारी वाढली. तिला आई दोन होत्या, इतकंच. त्यातली एक जरा जास्त बोलायची.

पोलंडमध्ये मात्र बोलणारं कुणी नव्हतं. माणसं वाईट होती असं नाही. उलट नको तितकी सभ्य होती. खोलीतली सोबतीण कासिया पहिल्याच दिवशी म्हणाली, “चहा घेणार?” रागिणी रीतीप्रमाणे म्हणाली, “नको.” वलगावात पहिला ‘नको’ हा नकार नसतोच. तो नुसता शिष्टाचार. पुढे समोरच्याने “घे व, काई होत नाई” म्हणायचं, आपण दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप हातात घ्यायचा. कासियाने मान हलवली, स्वतःपुरता चहा केला आणि पीत बसली. रागिणी तिच्या कपातून निघणारी वाफ बघत राहिली. पुढे ती पहिल्यांदाच ‘हो’ म्हणायला शिकली, पण जीभ दर वेळी अडखळायचीच.

ऑक्टोबरात दुकानांबाहेर शेवंतीच्या कुंड्यांच्या राशी लागल्या. पिवळी, पांढरी, जांभळी. एवढी शेवंती पाहून रागिणीला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कासियाचा वाढदिवस होता, म्हणून रागिणीने तिच्यासाठी मोठी पिवळीधम्मक कुंडी उचलून आणली. कासियाने ती घेतली, पण चेहरा असा झाला की काहीतरी चुकलं हे रागिणीला लगेच कळलं.

“आमच्याकडे ही फुलं कबरीवर नेतात,” कासिया शेवटी हसू दाबत म्हणाली. “नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला. जिवंत माणसाला कुणी देत नाही.”

माळ्याच्या पोरीने फुलाच्या बाबतीत चूक करावी, ही मोठीच नामुष्की. पुढच्या रविवारी तिने ते घरी सांगितलं तेव्हा कान हसून हसून हलायला लागला.

“तिले म्हणा, आमच्याइकडं हे लक्ष्मीले वाहातेत,” आत्या म्हणाली. “अन् ते कुंडी फेकू नको. वायलेले फूल खुडत जाय, महिना जाईन तिले.”

तो आत्याचा शेवटचा रविवार.

त्यानंतरच्या आठवड्यात रागिणी प्रयोगशाळेतून परतताना बसथांब्यावर उभी होती. हात गारठले होते. बस येईपर्यंत काय करायचं, म्हणून ती लोकांचे स्टेटस बघत होती. गल्लीतला विपुल फ्लेक्सचं दुकान चालवायचा. छापलेला प्रत्येक बोर्ड तो जाहिरात म्हणून स्टेटसला टाकायचा. एक वाढदिवस, दुसरा वाढदिवस, एका पतसंस्थेचं उद्घाटन. मग आत्या. मागे ढग, बाजूला तेवती समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून घेतलेला, त्यात आत्याच्या खांद्यापाशी दुसऱ्याच बाईचा हिरवा पदर राहून गेला होता. खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं होती. शेवटचं नाव तिचं. कु. रागिणी, आणि कंसात पोलंड.

शोक करणाऱ्यांत तिचं नाव छापून झालं होतं आणि तिला पत्ताच नव्हता.

बस आली आणि गेली. तिने पुन्हा फोन पाहिला तोवर ते स्टेटस पुसलेलं होतं. त्याजागी विपुलचा निरोप आला होता. “ताई, चुकून गेलं. डिलीट मारलं. काकाले सांगू नको, जीव घेतीन माया.”

तिने लिहिलं, “कसं झालं?”

“काल सकायी झेंडूत पाणी लावून राहिली होती. तिथंच खाली बसली. दवाखान्यात नेलं, पण काई रायलं नव्हतं. सांजीच घाटावर नेलं तिले.” मग बराच वेळ विपुल काहीतरी लिहीत राहिला. “काकानं साऱ्या गल्लीले शपथ घातली हाये. म्हणे पोरगी तिथं एकटी हाये, तिच्यापाशी बसाले कोणी नाई. परीक्षा होऊ द्या, घरी येऊ द्या, मंग सांगू.”

“बरं,” रागिणीने लिहिलं.

वलगावात माणूस गेलं की लोक बसायला येतात. कुणी फारसं बोलत नाही. बायका डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बसतात, पुरुष ओट्यावर. कुणी भाकरी पाठवतं, कुणी पाण्याचा तांब्या पुढे करतं. रडू आलं की शेजारच्या बाईचा खांदा असतो, आणि नाही आलं तरी तो असतोच. रागिणीला त्या संध्याकाळी तेवढंच हवं होतं. कुणीतरी शेजारी येऊन बसावं.

कासिया खोलीवर होती. रागिणीने तिला सांगितलं. कासिया उठली, तिने रागिणीला घट्ट मिठी मारली, तिचेही डोळे भरले. मग जरा दूर होऊन तिने हळूच विचारलं, “तुला एकटीला राहायचंय का? मी मैत्रिणीकडे जाऊन झोपू शकते.”

“तुला त्रास नको,” रागिणी म्हणाली. “मी ठीक आहे.”

तिला वाटलं, आता कासिया म्हणेल, त्रास कसला, मी इथेच बसते. कासियाने मान हलवली, उशी घेतली, जाताना दार आवाज न करता लावून घेतलं. तिच्या देशात तोच मान होता. बंद दाराकडे बघत रागिणी बसून राहिली आणि मग एकटीच रडली. रडताना आवाज फार झाला की थांबायची, कारण भिंती पातळ होत्या.

रविवारी फोन आला. फोनात आई आणि बाबा दोघंच, नको तितके सावरून बसलेले.

“आत्या कुठंय?” रागिणीने विचारलं. न विचारून चालणारच नव्हतं.

“बाई मोर्शीले गेली,” बाबा म्हणाले. “नणंदेकडं. नणंदेचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं न.”

धर्मेंद्र होल्यांना कालची फुलं आजची म्हणून विकायलाही जमायचं नाही. गिऱ्हाइकाने नुसतं रोखून पाहिलं की ते स्वतःच सांगून टाकायचे. तो माणूस आता फोनात बघून खोटं बोलत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली आई जमिनीकडे बघत होती. मला माहीत आहे, बाबा, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण मग पोरगी तिकडे बंद खोलीत एकटी रडते आहे हे त्यांना कळलं असतं, आणि नेमकं तेच कळू नये म्हणून, म्हणजे तेच होऊ नये म्हणून, हा माणूस गल्लीला शपथा घालत फिरला होता. तो हरला असता.

“मंग राहू द्या तिले तिकडंच,” रागिणी म्हणाली. “गुडघ्याचं लवकर बरं नाई होत.”

“तेच म्हणतो मी,” बाबा घाईने म्हणाले. त्यांना एवढं हायसं वाटलं की ते हसले.

पुढे दर रविवारी मोर्शीच्या नणंदेची प्रकृती बिघडत गेली. गुडघ्यानंतर ताप आला, तापानंतर अशक्तपणा. बाबांना काही सुचेनासं झालं की रागिणीच एखादं दुखणं सुचवायची आणि ते कृतज्ञतेने उचलायचे. धडधाकट बाई बिचारी, तिला कल्पनाही नसेल. खोटं बोलायला बापलेक एकमेकांना असा हात देत होते. फोन ठेवला की रागिणी उशीत तोंड खुपसायची.

लक्ष्मीपूजन त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आलं. पोलंडमध्ये तो मृतांचा दिवस. वसतिगृह रिकामं झालं, कासियाही आपल्या गावी गेली. दुपारी घरून फोन आला तेव्हा वलगावात दिवेलागण झाली होती.

ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या वर्षी दिवाळी नसते. आकाशकंदील नाही, रांगोळी नाही, कढई चढत नाही. फराळ शेजारचे आणून देतात. हे रागिणीला माहीत होतं आणि तिने मनाची तयारी केली होती. बाबा काय कारण सांगतील, याचा ती विचार करत होती.

फोनात दिवाळी होती.

अंगणात रांगोळी होती. दोन पणत्या. आई नव्या साडीत, केसांत गजरा. पुढ्यात फराळाचं ताट. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दुखवट्याच्या घरात असलं काही करणं म्हणजे गावाच्या तोंडी सापडणं. आईने आयुष्यात कुणाला बोलायला जागा दिली नव्हती, आणि आता ती भर अंगणात गजरा माळून बसली होती.

“ताट दाखव न, आई.”

आईने ताट उचललं. त्यातली शेव जाड होती. आईची शेव बारीक असते. जाड शेव गल्लीत फक्त पार्बताबाई करते. दुखवट्याचं ताट होतं ते, शेजारून आलेलं.

“मस्त झालं,” रागिणी म्हणाली.

ताट खाली ठेवताना आईच्या हातातला फोन कलला. रांगोळी एका बाजूला चाकूने कापल्यासारखी संपली होती. त्यापुढे नुसतं शेणाने सारवलेलं अंगण, बिनतोरणाचं दार आणि दाराच्या आत अंधार. पलीकडे दुसऱ्यांच्या घरांवर माळा चमकत होत्या. फोनात मावेल तेवढीच दिवाळी त्यांनी काढली होती. आईने घाईने फोन सरळ केला.

“आत्या दिवाळीतबी नाई आली?”

“नणंदेनं सोडलंच नाई तिले,” बाबा म्हणाले आणि बाजूला बघायला लागले.

“बरं. रांगोळी छान काढली, आई.”

“हो व?” आई म्हणाली. “दरसाल तं—” आणि थांबली. रांगोळी दरसाल कोण काढायचं, हे तिघांनाही ठाऊक होतं. “औंदा मीच काढली.”

“छान आहे,” रागिणी पुन्हा म्हणाली, आणि दारावर कुणीतरी हाक मारतंय असं सांगून तिने फोन ठेवला. वसतिगृहात तेव्हा कुणीही नव्हतं.

कासियाच्या वाढदिवसाची कुंडी खिडकीत होती. आत्याने सांगितलं तसं वाळलेलं फूल खुडत गेल्याने ती अजून फुललेली होती. रागिणीने ती कडेवर घेतली आणि लोक ज्या दिशेने चालले होते त्या दिशेने चालायला लागली. सगळं गाव कबरस्तानात लोटलं होतं. जिकडेतिकडे काचेतले दिवे आणि शेवंती. घरंच्या घरं आपापल्या माणसापाशी उभी होती. मुलं, म्हाताऱ्या, सुना, नातवंडं. बसायलाच आले होते सगळे. रागिणीला त्यांचा हेवा वाटला. मेलेल्या माणसापाशी एवढी गर्दी आणि आपण इथे जितीजागती एकटी, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाजही वाटली.

कुंपणापाशी एक जुनी कबर होती. नाव झिजलेलं, दिवा नाही, फूल नाही. रागिणीने कुंडी तिथे ठेवली. शेजारच्या कबरीवरच्या बाईने तिच्याकडे पाहिलं, काही न विचारता एक दिवा पेटवून तिच्या हातात दिला आणि ती आपल्या माणसांत परत गेली. रागिणीने दिवा कुंडीजवळ ठेवला आणि बाजूच्या ओल्या दगडावर बसली. रडू आलं नाही. अंधार पडेपर्यंत ती बसून राहिली. येणारेजाणारे तिला बघून जरा मान झुकवायचे आणि पुढे जायचे. ही कुणाची कोण, असं कुणी विचारलं नाही.

परीक्षा झाल्या. फेब्रुवारीत ती परतली.

बडनेरा स्टेशनवर बाबा फुलांचा छोटा टेम्पो घेऊन आले होते. बाबा अंगाने वाळले होते. तिची बॅग त्यांनी दोन हातांनी छातीशी धरून मागे ठेवली, गाडी सुरू केली, आणि प्रवास कसा झाला, थंडी किती होती, हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. रागिणी उत्तरं देत राहिली. गाव जवळ आलं तशी गाडी हळू हळू चालायला लागली. चालवणाराच पुढे जायला तयार नव्हता.

“बेटा,” शेवटी ते म्हणाले. “घरी गेल्यावर... मन जरा घट्ट ठेवजो.”

“काहून, बाबा?”

त्यांनी नुसती मान हलवली. रागिणीने पुन्हा विचारलं नाही. आपण विचारावं अशी त्यांची अपेक्षा असेल का, हे तिला ठरवता आलं नाही.

घरात बायका बसल्या होत्या. भिंतीशी, रांगेने, डोक्यावर पदर घेऊन. ओट्यावर पुरुष होते, कडेला विपुल मान खाली घालून उभा होता. तीन महिने उलटून गेले होते. या लोकांचं रडणं कधीच आटोपलं होतं. त्यांच्या घरी लग्नं झाली, जावळं झाली, पार्बताबाईला पणतू झाला. पण रागिणीसाठी आज पहिला दिवस आहे असं त्यांनी धरलं होतं, म्हणून सगळी गल्ली कामं टाकून पुन्हा पहिल्या दिवसासारखी येऊन बसली होती.

आई उठून पुढे आली. “रागिणी, तुई आत्या गेली व,” ती म्हणाली, आणि पार्बताबाईने मागून गळा काढला.

गाडीत बसल्यापासून रागिणीला एकच धास्ती होती. आता रडूच आलं नाही तर? सगळं रडून झालं आहे. गाव म्हणेल, परदेशी जाऊन पोरगी कोरडी झाली. खोटं रडावं लागलं तर ते आपल्याला बाबांच्या खोट्याइतकंही जमणार नाही. तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मग मागून कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या कुणीतरी दंड धरला, आणि त्या हातांच्या वजनाखाली ती मोकळी झाली. पातळ भिंतींची आठवण न ठेवता ती मोठ्याने रडली.

नंतर सगळ्या तिच्याभोवती बसल्या. कुणी तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. फारसं कुणी बोलत नव्हतं.

“बरं झालं माय, तुले तिथं कळू देलं नाई,” पार्बताबाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. “एकटीनं कसं काढलं असतं तू? कोण बसलं असतं व तुयापाशी तिथं?”

“हो न,” दोघीतिघी म्हणाल्या. “धर्माभाऊनं बरं केलं.”

ओट्यावरून विपुलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

बाबा दाराच्या चौकटीत उभे होते. बायकांच्या बैठकीत पुरुषाने यायचं नसतं, म्हणून आत येत नव्हते आणि बाहेरही जात नव्हते. ते रागिणीकडे बघत होते. इतके महिने खोटं बोलून आपण पोरीवर अन्याय तर केला नाही ना, हे त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

“बरं केलं, बाबा,” रागिणी म्हणाली, आणि भिंतीकडे सरकून तिने त्यांना आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली.